दाणा बघून पोतं ठरवू नका

मक्याची दोन पोती आहेत असं समजा. एकात शंभरातले 85 दाणे पिवळे, 15 पांढरे. दुसऱ्यात नेमकं उलट. आडोशाला एकाच पोत्यातून एकेक दाणा काढून दाखवतात. पहिला पिवळा, दुसराही पिवळा. पोतं कोणतं? सोयगावचा शेतकरी म्हणेल, “थांबा, अजून चार दाणे बघू द्या.” सायकोसिसमध्ये, म्हणजे भास आणि घट्ट बसलेल्या संशयाच्या आजारात, बरीच माणसं इथेच पोतं ठरवून टाकतात. लंडनच्या संशोधकांनी 1988 साली रंगीत मण्यांवर हेच पाहिलं.

हॅम्बुर्गचे श्टेफेन मोरित्स आणि कॅनडाचे टॉड वुडवर्ड यांच्या ‘मेटाकॉग्निटिव्ह ट्रेनिंग’मध्ये या घाईवर काम होतं. आपण विचार कसा करतो, तेच बघण्याचा हा सराव. मूळ आठ पाठ. तासाभराचं सत्र, लहानसा गट. साहित्य इंटरनेटवर मोफत मिळतं आणि पडद्यावर दाखवायचं असल्यामुळे व्हिडिओ कॉलवरही चालतं. सोयगावहून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जायचं तर अजिंठ्याचा घाट चढावा लागतो, सोबतच्याचा रोज बुडतो. म्हणून मला ही सोय मोलाची वाटते.

एका पाठात समुद्रकिनाऱ्याचं चित्र दाखवून बाजूला करतात. मग विचारतात, काय काय दिसलं? चित्रात नसलेली वस्तूही कुणीतरी छातीठोकपणे सांगतो. प्रशिक्षक पुढे विचारतो, “किती खात्री आहे?” चित्र पुन्हा उघडतं. आठवण फसवते, आणि ती सगळ्यांचीच फसवते, हे तिथे डोळ्यांना दिसतं.

“माझ्या जेवणात कुणीतरी काही कालवतंय,” या संशयाला इथे सुरुवातीला हातच लावत नाहीत. घरचे नेमके तिथेच वाद घालतात आणि संशय आणखी पक्का होतो. सराव परक्या गोष्टींवर होतो. मग माणूस ‘किती खात्री आहे?’ हा प्रश्न हळूहळू स्वतःला विचारू लागतो. 2022 मध्ये 40 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात भ्रम कमी झाल्याचं दिसलं. परिणाम मध्यम, पण खरा. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. सुरुवात कुठून करावी कळत नसेल, तर टेलि-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, रात्रीसुद्धा.

जेवणाबद्दलची शंभर टक्के खात्री सत्तरवर आली, तरी त्या घरात आईने वाढलेलं ताट पुन्हा पुढे ओढलं जाऊ शकतं.