मारिओच्या पायाखालची गोल सावली

चौदा जानेवारीला, उत्तरायणाच्या दुपारी, बडोद्याच्या नागरवाड्यातल्या कुठल्याही अगाशीवर चढा आणि वर बघा. आभाळ पतंगांनी भरलेलं असतं. आता सांगा बरं, तो लाल पतंग जवळ आहे की तो जांभळा? जांभळा लहान दिसतोय म्हणून लांब म्हणावा, तर तो मुळातच लहान कागदाचा असू शकतो. पेच लावायला जावं आणि आपला मांजा त्याच्या मांजाला न शिवताच पुढून निघून जावा, असं चांगल्या सरावाच्या मुलांचंही होतं. शेवटी शेजारच्या अगाशीवरून ‘काप्यो छे!’ अशी आरोळी आली की कळतं, कोण कुणाच्या जवळ होतं ते!

असं का होतं? आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण सहा सेंटिमीटरचं अंतर असतं. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरचं जग किंचित वेगळं दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. हातातली फिरकी किती जवळ आहे, हे तो क्षणात सांगेल. पण शंभर-दीडशे मीटरवरच्या पतंगाकडे बघताना दोन्ही डोळ्यांना जवळजवळ सारखंच चित्र दिसतं. मग मेंदू दुसऱ्या खुणा शोधतो: कोण कुणाला झाकतंय, कोण लहान दिसतंय, सावली कुठे पडलीय. आभाळात सावली पडायला जमीनच नाही, म्हणून तर पंचाईत!

टीव्हीच्या काचेची पंचाईत याहून मोठी. काच सपाट असते. एक डोळा मिटा नाहीतर दोन्ही उघडे ठेवा, चित्र तेच. त्यात दिसणारा डोंगर खरंच मागे नसतो आणि खड्डा खरंच खोल नसतो. तरीसुद्धा १९९६ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने एक खेळ काढला आणि मुलांना सांगितलं, या काचेत धावा, उड्या मारा आणि नेमक्या जागी उतरा. त्या खेळाचं नाव ‘सुपर मारिओ ६४’. तो शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्याच वर्षी आलेल्या ‘निन्टेंडो ६४’ या यंत्राबरोबरच तो बाजारात आला.

टोपीवाला, मिशीवाला मारिओ तुमच्या आईबाबांना नक्की ठाऊक असेल. टीव्हीला जोडायचा खेळ आणि त्यात घालायच्या कॅसेट त्यांच्या लहानपणी बऱ्याच घरांत होत्या. तो १९८५ सालचा मारिओ होता. तो डावीकडून उजवीकडे पळायचा, वर उडायचा, खाली पडायचा. बस. त्याच्या जगाला लांबी होती, उंची होती, पण खोली नव्हती. समोर खांब आला तर त्याच्या मागे जाऊन बघायची सोयच नव्हती, कारण खांबाला मागची बाजूच नव्हती. १९९६ च्या मारिओला ती तिसरी दिशा मिळाली. आता तो झाडाला प्रदक्षिणा घालू शकत होता!

ही खोली यंत्र कसं तयार करतं? आतली प्रत्येक वस्तू छोट्या छोट्या त्रिकोणांची बनलेली असते. त्रिकोणाच्या प्रत्येक टोकाचे तीन आकडे यंत्राकडे असतात: आडवं किती, उभं किती आणि आत किती. वस्तू दुप्पट लांब गेली की ती पडद्यावर निम्मी काढायची, तिप्पट लांब गेली की एक तृतीयांश. म्हणजे नुसता भागाकार! तुम्ही शाळेत करता तोच, पण हजारो बिंदूंचा, आणि एका सेकंदात तीसेक चित्रं काढायची म्हणजे तितक्या वेळा नव्याने. काही ठिकाणी यंत्राचे कष्ट वाचवायला फार सुरेख युक्ती केली आहे. डोंगरावरून गडगडत येणारे गोळे मुळात गोळे नाहीतच, त्या सपाट चकत्या आहेत. चेंडू कुठूनही बघितला तरी वर्तुळच दिसतो ना? मग चकती कायम आपल्याकडे तोंड करून ठेवली की काम झालं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. मारिओने उडी मारली की त्याच्या पायाखाली जमिनीवर एक काळी गोल सावली दिसते. कायम बरोबर खाली. ऊन तिरपं असो, घराच्या आत असो की रात्र असो, सावली सरळ खालीच. खऱ्या जगात असं होत नाही, संध्याकाळी तुमची सावली रस्ताभर लांब पसरते. पण ही सावली सूर्यासाठी काढलेलीच नाही, ती खेळणाऱ्यासाठी काढली आहे. उडी मारलीस, आता तू नेमका कुठे उतरणार, हे ती सांगते. लहानशा फळीवर उतरायचं असेल तर मारिओकडे बघायचंच नाही, सावलीकडे बघायचं. ती फळीवर आली की खुशाल उतरा.

सावलीची ही ताकद तुम्ही आत्ता तपासू शकता. कोऱ्या कागदावर शेजारी शेजारी दोन सारखे चेंडू काढा, एकाच उंचीवर. पहिल्या चेंडूच्या खाली अगदी चिकटून एक चपटी काळी सावली काढा. दुसऱ्याची सावली चेंडूपासून चार बोटं खाली काढा. कागद जरा लांब धरून बघा. पहिला चेंडू जमिनीवर बसलेला दिसेल आणि दुसरा हवेत उडालेला! चेंडू हलवला नाही, हलवली फक्त सावली. संशोधक डॅनियल कर्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रकार हलत्या चित्रात करून १९९७ साली प्रसिद्ध केला. चेंडूची वाट तीच ठेवली, फक्त सावलीची वाट बदलली. तेवढ्याने बघणाऱ्यांना तोच चेंडू कधी जमिनीवरून मागे सरकताना, तर कधी हवेत वर चढताना दिसला.

सावलीमुळे उडी चुकायची भीती गेली की मग धावण्यातली खरी मजा सुरू होते. हा खेळ खेळताना हातात धरायच्या यंत्रावर एक छोटी दांडी असते. ती जराशी झुकवली तर मारिओ चवड्यांवर हळूच चालतो, अजून झुकवली तर चालतो, पूर्ण झुकवली तर सुसाट पळतो. पळता पळता लागोपाठ तीन उड्या मारल्या तर तिसरी सगळ्यात उंच जाते आणि तो हवेत कोलांटी घेऊन ओरडतो. खेळ करणाऱ्यांनी डोंगर, किल्ले, शत्रू यांच्याआधी हे धावणं-वळणं जमवलं होतं. सुरुवातीला आत जवळजवळ काहीच नव्हतं, फक्त मारिओ आणि पळणारा एक ससा. सशाचा पाठलाग करायचा, बस. तेवढ्यातच मजा येईपर्यंत ते पळणं घासूनपुसून घेतलं. तो ससा अजूनही राजवाड्याच्या तळघरात सापडतो!

हो, राजवाडा. सगळा खेळ एका राजवाड्याभोवती आहे आणि त्याच्या भिंतींवर चित्रं आहेत. नागरवाड्यातल्या मुलांना चित्रांचा वाडा नवा नाही. रावपुऱ्याच्या बाजूला तांबेकरवाडा आहे, बडोदे संस्थानच्या दिवाण तांबेकरांचा. लाकडी खांबांच्या त्या चार मजली वाड्यात एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, अजून बघायला मिळतात. एखाद्या चित्रापुढे उभं राहिलं की वाटतं, आत शिरता आलं तर? मारिओ नेमकं तेच करतो. तो चित्रावर उडी मारतो, चित्र पाण्यासारखं थरथरतं आणि तो आतल्या जगात पोचतो. खेळात पंधरा जगं आहेत आणि प्रत्येकात गोळा करायचे सात तारे. राजवाड्यात लपलेले आणखी पंधरा धरले की एकूण एकशेवीस. गुणाकार करून बघा!

काही चित्रं तर भलतीच हुशार आहेत. एका ठिकाणी चित्राऐवजी घड्याळाची तबकडी आहे. मिनिटकाटा कुठे असताना तुम्ही उडी मारता, त्यावर आतल्या यंत्रांचा वेग ठरतो. काटा बरोबर बारावर असताना शिरलात तर आत सगळं थांबलेलं! दुसऱ्या एका चित्रात तुम्ही चित्राच्या जितक्या वरच्या भागातून शिराल तितकं आत पाणी जास्त. वर चढायच्या कष्टाला असं फळ देणारी कल्पना मला फार गोड वाटते.

आता शेवटची गंमत. हे सगळं आपल्याला दिसतं कुणाच्या डोळ्यांनी? लाकिटू नावाचा एक कासवासारखा छोटा प्राणी ढगावर बसून मारिओच्या मागे मागे उडतो. त्याच्या हातात गळ असतो आणि गळाला मासा नव्हे, कॅमेरा लटकलेला असतो. आपण बघतो ते त्या कॅमेऱ्यातून. राजवाड्यात वरच्या मजल्यावर एक मोठा आरसा आहे. तिथे मारिओला उभं केलं की आरशात त्याच्या मागे ढगावरचा लाकिटूही दिसतो. पण त्या यंत्राला खरा आरसा करणं फार जड गेलं असतं. म्हणून भिंतीपलीकडे तशीच दुसरी खोली उलटी करून बांधली आहे आणि तिच्यात दुसरा मारिओ उभा केला आहे. तुम्ही डावा हात हलवला की त्याने उजवा हलवायचा!