साखरपुडा आणि सक्करे आरती

बीदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील दुबलगुंडी आणि तिथून कलबुर्गीकडे पसरत जाणारा सीमाभाग 1956च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि मराठी, कन्नड व दखनी यांचा शेजार तिथे आजही टिकून असल्याने, नव्याने जुळलेल्या नात्यातील साखरेचे स्थान दोन भाषांतून एकदम पाहता येते. मराठी ‘साखर’ आणि कन्नड ‘सक्करे’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘शर्करा’, म्हणजे रेतीसारखा खरखरीत कण, या एकाच शब्दाकडे जातात. वाग्निश्चयाला मराठीने दिलेले साखरपुडा हे नाव तर सरळ वस्तूचेच आहे: वरपक्षाने वधूच्या हाती दिलेला साखरेचा पुडा.

उत्तर कर्नाटकात हा पुडा आकार धारण करतो. कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे ‘गौरी हुण्णिमे’ला, लग्न ठरलेल्या मुलीकडे सासरची मंडळी साडीबरोबर साखरेच्या बाहुल्या, हत्ती, मोर घेऊन येतात, आणि याच चित्रांनी गौरीला ओवाळले जाते, तीच ‘सक्करे आरती’. साखरेचा पाक उकळताना त्यात थोडे दूध घालून वर आलेली मळी काढतात आणि तो पाण्यात भिजवलेल्या, दोरीने आवळून बांधलेल्या लाकडी साच्यात ओततात. लाकूड ओले असल्यामुळे साखर त्याला धरत नाही आणि काही मिनिटांतच पांढराशुभ्र हत्ती साच्याबाहेर येतो. ज्या दोघांना लग्नाआधी मोकळेपणाने बोलण्याची फारशी मुभा नव्हती, त्यांच्यामध्ये ये-जा करायला ही साखर होती. अर्थात त्या दोघांना गोड आवडते का, हे बहुधा कोणी विचारलेच नसेल.

या रूढीची वेळ मात्र नेमकी साधलेली दिसते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात गोड चाखणाऱ्यांनी काल्पनिक प्रेमसंबंधाकडे अधिक अनुकूलतेने पाहिले, परंतु आधीपासून असलेल्या नात्याच्या मूल्यमापनात तसा फरक आढळला नाही. 2017 साली आयलेट फिशबाख आणि केटलिन वुली यांनी दाखवले, की एकसारख्या गोळ्या-चॉकलेटे खाणारे अनोळखी लोक एकमेकांवर अधिक विश्वास टाकतात. हे प्रयोगशाळेतले निष्कर्ष आहेत आणि त्यांवरून संसाराचे भाकीत करू नये, पण गोडाचा प्रभाव ओळख नवी असतानाच जाणवतो, एवढे त्यांतून सुचते.

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नवी सून काळ्या साडीवर हलव्याचे दागिने घालते आणि जावयाच्या गळ्यातही हलव्याचा हार पडतो. या हलव्याला कन्नडमध्ये ‘कुसुरेळ्ळु’ म्हणतात. मंद आचेवरच्या परातीत तीळ घेऊन त्यांवर एकतारी पाक, म्हणजे चिमटीत ताणल्यावर एक तार सुटणारा पाक, थेंबाथेंबाने घालत हात फिरवत राहिल्यास पाण्याची वाफ होऊन साखरेचे स्फटिक थरावर थर चढतात आणि दाण्याला काटा येतो. घाई केल्यास तीळ एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात. साखरेचे थर चढवण्याची हीच रीत इटलीत बदामांवर चालते आणि लग्नातील पाहुण्यांना असे पाच बदाम देण्याची तिथे प्रथा आहे.

हलव्याचे दागिने धाग्यात ओवलेले आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेले असल्याने ते सहसा कोणी खात नाही, म्हणून हळदीकुंकवाला आलेल्यांच्या हातावर ठेवण्यासाठी सुटा हलवा वेगळ्या वाटीत काढून ठेवलेला असतो.