लोड बॅलन्सर : मोफतचा की विकतचा?

महाप्रसादाच्या दिवशी मांडवाच्या दारात एक कार्यकर्ता उभा असतो. कोणत्या पंगतीत जागा आहे ते पाहून तो माणसे पाठवतो. जिथे वाढपी नाही तिथे कुणालाच पाठवत नाही. वेबसाइटसाठी हेच काम लोड बॅलन्सर करतो. आलेल्या विनंत्या तो अनेक सर्व्हरांमध्ये वाटतो आणि बंद पडलेला सर्व्हर वगळतो. ज्या सभासदांचा व्यवसाय वेबसाइटवर चालतो, त्यांना कधी ना कधी तो निवडावा लागतो.

ओपन सोर्समध्ये दोन नावे ठळक आहेत : विली तारो यांचा एचएप्रॉक्सी (२००१) आणि इगोर सिसोएव यांचा एन्जिनएक्स (२००४). दोन्ही साध्या लिनक्स मशीनवर चालतात आणि परवाना शुल्क नाही. मोफत म्हणजे कच्चे, असे समजू नये. गिटहबसारख्या मोठ्या साइटनेही एचएप्रॉक्सी वापरला आहे.

विकतच्या बाजूला एफ५ कंपनीचा बिग-आयपी आणि एन्जिनएक्स प्लस आहेत. एन्जिनएक्स कंपनी एफ५ने २०१९ मध्ये विकत घेतली. पैसे देण्यापूर्वी सोयी नीट तपासाव्यात. उदाहरणार्थ, सर्व्हर ठीक आहे ना, हे ठरावीक वेळाने स्वतःहून विचारण्याची सोय एन्जिनएक्स प्लसचे वैशिष्ट्य म्हणून सांगितली जाते. एचएप्रॉक्सीत ती मोफतच मिळते.

मग पैसे कशाचे? मुख्यतः जबाबदारीचे. अडचण आल्यास किती वेळात मदत मिळेल, हे करारात लिहिलेले असते. मोफतच्या वाटेवर ते काम आपल्याच माणसाचे. म्हणून शुल्काआधी हा प्रश्न विचारावा : रात्री दोन वाजता साइट बंद पडली तर कोण उठणार? लिनक्स जाणणारी निदान दोन माणसे असतील तर ओपन सोर्स घ्यावा. नसतील तर मदतीचा करार किंवा क्लाउड कंपनीची तयार सेवा बरी. मात्र तिचे बिल वापराप्रमाणे वाढते.

दोन गोष्टी विसरू नयेत. लोड बॅलन्सर एकच असेल आणि तोच पडला, तर मागचे सगळे सर्व्हर असून नसल्यासारखे. त्यासाठी जोडीला दुसरा ठेवावा. कीपअलाइव्हड हे मोफत सॉफ्टवेअर पहिला बंद पडताच दुसऱ्याकडे काम सोपवते. आणि दिवाळीची गर्दी सुरू होण्याआधी, एखाद्या शांत दिवशी, एक सर्व्हर मुद्दाम बंद करून पाहावा. साइट चालू राहिली तरच व्यवस्था खरी.