छत्रीचं तोंड कुठे वळवायचं?

दोस्तांनो, घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि दिंडोशीतल्या एखाद्या इमारतीच्या गच्चीवर जा. दूरदर्शनच्या ‘डीडी फ्री डिश’च्या जेवढ्या छत्र्या तिथे असतील, त्या सगळ्या आग्नेयेकडे तोंड करून उभ्या दिसतील. अगदी प्रार्थनेच्या रांगेतल्या मुलांसारख्या!

आता समजा, त्यातली एक छत्री काढून तुम्ही कॅरव्हॅनमध्ये टाकलीत. कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी खास धोरण आणलं. तर गाडी पोचली नागपूरला. रात्री मॅच आहे. तुम्ही होकायंत्र काढून छत्री दिंडोशीत होती तश्शीच लावलीत. टीव्हीवर काय दिसेल? काहीही नाही!

असं का? फ्री डिशची चित्रं आपल्याकडे पाठवण्यासाठी वापरला जाणारा जीसॅट-१५ हा उपग्रह २०१५ साली सोडण्यात आला. तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असतो. पृथ्वीच्या एका फेरीबरोबर त्याचीही एक फेरी होते, म्हणून आपल्याला तो एकाच जागी खिळल्यासारखा वाटतो. तो हलत नाही, पण आपण हललो ना! दिंडोशीतून तो उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं मोजल्यास सुमारे १३१ अंशांवर आणि क्षितिजापासून ५७ अंश वर असतो. नागपुरातून तोच १४५ आणि ६० अंशांवर. आणि साध्या घरगुती छत्रीची नजर इतकी अरुंद, की दोन-तीन अंश चुकले तरी चित्र गायब! गाडी चालू असताना तर ही छत्री कामाचीच नाही. पहिल्याच वळणावर उपग्रह हातचा गेला.

मग लावायची कशी? आधी खांब अगदी उभा हवा. गवंडीकाका वापरतात तो ओळंबा इथे छान उपयोगी पडतो. नसेल तर दोऱ्याला दगड बांधा. खांबच कलला असेल तर पुढचे सगळे आकडे खोटे. होकायंत्र मात्र गाडीपासून चार पावलं लांब जाऊन बघा, कारण गाडीचं लोखंड सुईला आपल्याकडे ओढतं. शेजारच्या छत्रीची नक्कलही करू नका. ती दुसऱ्या कंपनीची असेल, तर तिचा उपग्रहही दुसरा असू शकतो.

आता एक गंमत. ५७ अंश म्हणजे चांगलंच वर, पण छत्री तर जवळजवळ समोर बघताना दिसते! ती तिरप्या घडणीची असते, बरं का. वरून आलेल्या लहरी तिच्यावर आपटून खालच्या दांडीवरच्या डबीत जातात. त्यामुळे डोळ्यांनी अंदाज करू नका, मागच्या पट्टीवरचे अंश वाचा. मग छत्री डावी-उजवीकडे केसभर सरकवा आणि थांबा. टीव्हीवरची सिग्नलची पट्टी जागी व्हायला दोन-चार सेकंद घेते. घाईनं भराभर फिरवणाऱ्याच्या हाताखालून उपग्रह निसटून जातो, आणि मग गच्चीवरून “आलं का?” आणि घरातून “नाही!” असा आरडाओरडा तासभर चालतो.

एवढं करूनही चित्र नसेल, तर समोर काहीतरी आड येतंय. झाडाची ओली पानंसुद्धा लहरी अडवतात. मुसळधार पावसात तर चित्र गोठतं, त्याला इलाज नाही. दिंडोशीत आणखी एक अडचण, उंच इमारतींची. आग्नेयेला तुमच्या छत्रीपेक्षा ६० मीटर उंच टॉवर उभा राहिला आणि तो ३९ मीटरच्या आत असेल, तर तुमचा उपग्रह त्याच्यामागे लपला! कठड्यावर चढून वाकून बघू नका, आणि विजेच्या तारांजवळ छत्रीचा खांब नेऊ नका.

त्यापेक्षा सूर्याची मदत घ्या. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य दिंडोशीतून बघताना सकाळी अकराच्या सुमारास याच उपग्रहाच्या मागून जातो. तेव्हा काही मिनिटं चित्र बिघडतं, तक्रार करायला धावू नका! सूर्याकडेही बघायचं नाही, बघायचं ते जमिनीकडे. छत्रीच्या जागी त्या वेळी ऊन पडलं असेल, तर उपग्रहाची वाट मोकळी आहे. सावली असेल, तर खांब उचला आणि ऊन असलेला कोपरा गाठा.