रस्त्याची भीती आणि मुलीची सायकल

अमरावती–यवतमाळ रस्ता नेरमधून जातो. ट्रक, एसटी, कापसाच्या गाड्या याच रस्त्यावर. आणि कडेने सायकलवर आपल्या शाळकरी मुली, कामावर जाणारे मजूर. वस्तीत गेलो की आया आम्हाला सांगतात, "पोरगी घरी येईपर्यंत जीव थाऱ्यावर नाई रायत." ही भीती खोटी नाही. पण भीतीपोटी सायकल बंद झाली, तर पुष्कळदा शाळाही सुटते.

म्हणून एवढे करा. दोन्ही ब्रेक व घंटी तपासा. मागे लाल रिफ्लेक्टर लावा. ओढणी कमरेला बांधा, ती चाकात अडकते. डाव्या बाजूनेच चला. ट्रकला खेटून जाऊ नका, चालकाला सायकल दिसत नाही.

अपघात झाला तर १०८ ला फोन लावा. जखमीला पाणी पाजू नका, मान हलवू नका. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरा. मदतीला घाबरू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याची सक्ती नाही. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख व गंभीर जखमेसाठी ५० हजार रुपये भरपाई आहे. तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात चौकशी करा.

शाळेजवळ गतिरोधक, रस्त्यावर दिवे आणि मोकळी कड हवी. विहारात सह्या घ्या, नगर परिषदेला निवेदन द्या. आणि आपल्यातल्या गाडी चालवणाऱ्यांनो, पहिले शील हँडल हातात असतानाही पाळायचे असते.

जय भीम!