अवर्षणातील दूर्वा : पिवळे पान आणि स्वरसाची प्रत

१९७२ असो वा २०१२-१३, अवर्षणाच्या वर्षी मराठवाड्यातील माळावरचे गवत ज्या क्रमाने वाळते, तो क्रम स्वरसासाठी दूर्वा घेणाऱ्या वैद्यांनी व औषधनिर्मात्यांनी समजून घेण्याजोगा आहे.

मुळांना ओलावा मिळेनासा झाला की पानात ॲब्सिसिक आम्ल वाढते आणि पर्णरंध्रे मिटू लागतात. पाणी वाचते, परंतु कर्बवायूचा प्रवेशही रोखला जातो. ऊन मात्र पडतच असते. हरितद्रव्याने शोषलेली ऊर्जा वापरली न गेल्याने ऑक्सिजनची अपायकारक रूपे निर्माण होऊन पेशींची हानी करतात. दूर्वा, ऊस, कुश, काश ही सी-४ पद्धतीची तृणे होत. ती पानाच्या आतील पेशींत कर्बवायू एकवटतात. त्यामुळे रंध्रे अर्धवट मिटूनही काही काळ तग धरतात. ताण लांबला की हे सामर्थ्यही अपुरे पडते.

मग पानाला अकाली वार्धक्य येते. हे वार्धक्य म्हणजे वनस्पतीने केलेली पद्धतशीर आवराआवर होय. हरितद्रव्य व प्रकाशसंश्लेषणाची प्रथिने मोडून त्यांतील नत्र कोवळ्या पानांकडे आणि भूमिगत खोडाकडे वळविले जाते. म्हणून तळाची जुनी पाने आधी जातात. तृणाचे पान बुडातून वाढत असल्याने शेंडा सर्वांत जुना, आणि पिवळेपणाही तेथूनच खाली उतरतो. चरकसंहितेच्या कल्पस्थानात पाने वर्षा व वसंत ऋतूंत, तर मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, पाने झडलेल्या वा पक्व झालेल्या वनस्पतींची घ्यावीत, असे सांगितले आहे. त्याची या प्रक्रियेशी संगती लागते. मात्र नत्र खाली गेले म्हणजे औषधी घटकही गेले, असे म्हणणे घाईचे ठरेल.

व्यवहारात अडचण अशी की, वाळक्या जुड्यांतून रस कमी निघतो. मग पाणी घालून माप पूर्ण केले जाते. मात्रा तेवढीच दिसते, द्रव्य निराळे असते. शुष्क द्रव्यासाठी शार्ङ्गधराने स्वतंत्र विधी दिलाच आहे. तो करावा व तशी नोंद ठेवावी.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. दुष्काळी उन्हाळ्यात हिरवीगार दूर्वा बहुधा सांडपाण्याच्या कडेलाच आढळते. नुसता रंग पाहून माल पसंत करणाऱ्या फार्मसीचालकांनी तो कोठून कापला, हे पुरवठादारास आधी विचारावे. पाऊस पडताच पेऱ्यांतून नवे कोंब फुटतात. शक्य तेथे तोवर थांबावे, अथवा स्वच्छ पाण्यावर स्वतःचा लहानसा वाफा राखावा.