गरोदरपणी कुत्रा चावला तर : लस आईची, रक्षण दोघांचे



कर्जत-खालापूरच्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांवर कुत्रा चावला तर अजूनही जखमेवर चुना किंवा मिरची लावली जाते, भगताला दाखवले जाते आणि माणूस कामाला लागतो. बाई गरोदर असेल तर आणखी एक अडचण येते. “सुई घेतलीस तर पोटातल्या बाळाला बाधेल,” असे घरातली मोठी माणसे सांगतात आणि ती दवाखान्यात जातच नाही. या भीतीने दोन जीव जाऊ शकतात, म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

रोग कसा वाढतो?
रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतो. चावा, ओरखडा किंवा उघड्या जखमेवर चाटणे यांतून तो शरीरात शिरतो आणि नसांमधून मेंदूकडे सरकतो. याला बहुधा एक ते तीन महिने लागतात. कधी त्याहून कमी, कधी वर्षही. पाण्याची भीती वगैरे लक्षणे दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. वाचवायचे ते त्याआधीच.

पोटातल्या बाळाचे काय?
विषाणू रक्तातून नव्हे, तर नसांमधून जातो. त्यामुळे तो आईकडून गर्भापर्यंत पोहोचणे फार दुर्मिळ आहे. १९८५ साली तुर्कस्तानातून अशी एक घटना नोंदली गेली. उलट, रेबीज झालेल्या मातांच्या बाळांना जन्मताच लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दिल्याने ती वाचल्याच्याही नोंदी आहेत. बाळाला खरा धोका आहे तो आईने उपचार न घेण्याचा.

लस सुरक्षित आहे का?
होय. या लसीतला विषाणू मेलेला असतो. त्याने आईला किंवा बाळाला रोग होत नाही. गरोदरपण किंवा अंगावर पाजणे हे लस टाळण्याचे कारण नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लस घेणाऱ्या आईने बाळाला खुशाल पाजावे. पोटात चौदा इंजेक्शने देतात ही भीतीही आता जुनी झाली. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस भारतात २००४च्या अखेरीस बंद झाली. आताची लस दंडावर देतात.

चावल्यावर काय करावे?
१. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, मिरची, हळद काही लावू नये.
२. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. गरोदर असल्याचे सांगावे आणि माता-बाल कार्ड सोबत न्यावे.
३. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. ते आहे का, हे विचारावे. नसेल तर मोठ्या रुग्णालयात जावे.
४. त्वचेत देण्याच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे आहेत. पहिला डोस घेतला तो दिवस शून्य.
५. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, पण तोवर लस थांबवू नये.

तान्ह्या बाळाला ओरबाडले तरी हेच नियम. बाळाच्या लसीची मात्रा मोठ्यांइतकीच असते. इम्युनोग्लोब्युलिन मात्र वजनाप्रमाणे देतात.

डोस कुठे अडतात?
दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि अठ्ठाविसाव्या दिवशी बाई तालुक्यात नसते. कार्ड सोबत असेल तर उरलेला डोस दुसऱ्या सरकारी दवाखान्यातही घेता येतो. हे निघण्यापूर्वीच तिला आणि तिच्या नवऱ्याला सांगायला हवे.

लस सरकारी दवाखान्यात मोफत आहे, पण चार फेऱ्यांचे गाडीभाडे आणि चार दिवसांची बुडालेली मजुरी मोफत नाही. आपण पाठवलेली मदत इथेच उपयोगी पडते : साबणाची वडी, गाडीभाडे आणि बरोबर जाणारे एक माणूस. या मातांसाठी प्रार्थना करा आणि आपल्या मंडळीतही ही माहिती वाचून दाखवा.